पाहुण्यांसाठी बांधलेले घर

मी क्लार्क माणूस. घरकर्जाच्या फायली रोज माझ्या टेबलावरून जातात. खोली विकायची म्हटली की कागदावर काय काय येते? क्षेत्रफळ किती, मजला कितवा, पाणी किती वेळ, संडास आत की बाहेर, स्टेशन किती मिनिटांवर. घराचा नकाशा कोणी काढला, हे एकाही फायलीत विचारलेले मी पाहिले नाही.

अमेरिकेतल्या एका घराची गोष्ट मात्र अगदी उलटी आहे. न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या पूर्व भागातील बावन्नाव्या रस्त्यावर 242 क्रमांकाचे एक घर आहे. जागा फार मोठी नाही, सुमारे 25 फूट रुंद आणि 100 फूट खोल. दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती. दर्शनी बाजूला खाली विटांची भिंत, वर काचेची तावदाने. नक्षी नाही, महिरप नाही. आत पुढच्या बाजूला एक लांबलचक दिवाणखाना, मग उघडे अंगण, त्यात उथळ पाण्याचा तलाव, आणि पलीकडे निजायची खोली. दिवाणखान्यातून निजायला जायचे तर उघड्या आभाळाखाली, पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत जायचे! पावसाळ्यात आपण मोरीपुढे विटा मांडून जातो तसेच, फरक एवढाच की तेथे त्याला सौंदर्य म्हणतात. पण चेष्टा बाजूला ठेवू. फोटो पाहिले तर घर खरोखरच सुंदर आहे. कमी सामानात, कमी भिंतींत मनाला मोकळे वाटावे ही आधुनिक वास्तुकलेची विद्या आहे, आणि ती अस्सल आहे.

हे घर 1950 साली पुरे झाले. ते बांधून घेतले ब्लँचेट रॉकफेलर या बाईंनी, तेलाच्या पैशाने जगभर नाव झालेल्या घराण्याच्या सुनेने. बाईंना आधुनिक चित्रांचा आणि शिल्पांचा नाद होता, पण नवऱ्याला ती मुळीच आवडत नसत. म्हणून ती ठेवायला आणि पाहुण्यांना दाखवायला हे वेगळे घर! नावही पडले ‘रॉकफेलर गेस्ट हाऊस’. पुढे बाईंनी ते शहरातल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला देऊन टाकले आणि म्युझियमने ते विकले.

1989 साली हे घर लिलावात 35 लाख डॉलरला गेले. 2000 साली ख्रिस्टीज या चित्रे विकणाऱ्या कंपनीने त्याचा पुन्हा लिलाव केला, तेव्हा किंमत आली 1 कोटी 11 लाख 60 हजार डॉलर. अकरा वर्षांत तिपटीहून जास्त, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण 11 टक्के. बी.कॉम.ला आम्हांला ‘गुडविल’ शिकवायचे, धंद्याच्या नावाची किंमत. येथे ती डोळ्यांना दिसते. विटा त्याच, तलाव तोच, पण नकाशावर नाव फिलिप जॉन्सनचे. त्याच वर्षी शहराने हे घर संरक्षित वास्तू म्हणून जाहीर केले.

माझ्या मनात दुसराच हिशेब येतो. त्या जागेवर दहा बाय बाराच्या वीस खोल्या बसतात. आमच्या तसल्या एका खोलीत गावाकडचे चार-चार पाहुणे इस्पितळाच्या कामाने पंधरा-पंधरा दिवस राहून गेले. पाहुणे आले की बाबांनी गॅलरीत वळकटी टाकायची आणि आईने सगळे जेवल्यावर उरले ते खायचे, हा आमचा गेस्ट हाऊस.

आता हा जॉन्सन कोण? म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या वास्तुकला विभागाचा पहिला प्रमुख. 1979 साली प्रिट्झकर हा या क्षेत्रातला मोठा मान पहिल्यांदा दिला गेला, तो त्यालाच. पण 1930 नंतरच्या काळात हाच माणूस हिटलरचा भक्त होता. अमेरिकेतल्या ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्रात तो लिहीत होता, आणि 1939 साली जर्मन सैन्याच्या मागोमाग पोलंड पाहायला गेला होता. पुढे त्याने पश्चात्ताप व्यक्त केला, ज्यूंचे एक प्रार्थनामंदिर बिनमोबदला आखून दिले, हेही सांगितले पाहिजे. 2005 साली तो वारला. 2021 साली त्याच म्युझियममध्ये कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकारांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्यांनी दालनावरचे जॉन्सनचे नाव आपल्या कलाकृतीने झाकून टाकले. नावाची किंमत मोजायची तर सगळ्या नावाची मोजा, असेच त्यांचे म्हणणे असावे. मला ते पटते.

बावन्नाव्या रस्त्यावर हे घर उभे राहत होते त्याच दिवसांत, तीसेक रस्ते दक्षिणेला स्टायव्हसंट टाऊन ही वसाहत भरत होती. साडेआठ हजारांहून अधिक घरे, मालक मेट्रोपॉलिटन ही विमा कंपनी. शहराने कायदा वापरून गरिबांची वस्ती उठवली, कंपनीला जमीन मिळवून दिली, करातही सूट दिली. कंपनीने नियम केला की कृष्णवर्णीयांना घर द्यायचे नाही. महायुद्ध लढून आलेल्या सैनिकांनाही नाही! लोक कोर्टात गेले. 1949 साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. खोली भाड्याने बघायला गेल्यावर ‘आडनाव काय?’ असे विचारले जाते आणि दुसऱ्या मिनिटाला ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळते. हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे, मीही ऐकले आहे. त्यामुळे त्या निकालाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या वसाहतीत ली लॉर्च नावाचे गणिताचे गोरे प्राध्यापक राहत. नियमाविरुद्ध भाडेकरूंना एकत्र करणाऱ्यांत ते पुढे होते. 1949 साली त्यांची न्यूयॉर्कमधली नोकरी गेली. पेन स्टेट कॉलेजात दुसरी मिळाली, तेव्हा ते गावी निघाले, पण फ्लॅट रिकामा केला नाही. हेन्ड्रिक्स नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाला त्यांनी तेथे आणून ठेवले, पाहुणे म्हणून! भाडेकरू नको म्हणता, पाहुण्यांना कसे अडवाल? 1950 साली पेन स्टेटनेही त्यांना काढून टाकले.

1951 साली शहराने सरकारी मदत घेतलेल्या घरांत असा भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा केला. तरी कंपनी चळवळ्या भाडेकरूंना घराबाहेर काढायला निघालीच होती. 1952 साली तडजोड झाली. लॉर्च कुटुंबाने वसाहत सोडली, आणि हेन्ड्रिक्स कुटुंबाला त्याच वसाहतीत स्वतःच्या नावावर भाड्याचे घर मिळाले.