बास्पाकाठची वीण

करछमला बास्पा नदी सतलजेला मिळते. तिथे हमरस्ता सोडून बास्पेच्या काठाने वर चढत गेलं की किन्नौरमधलं सांगला खोरं लागतं. कड्यात कोरलेला अरुंद रस्ता, कुप्पाजवळ वीजप्रकल्पासाठी अडवलेलं पाणी, मग देवदार, सफरचंदाच्या बागा आणि माथ्यावर बर्फाची शिखरं. बहुतेक जण इथून थेट छितकुलला धावतात, शेवटचं गाव म्हणून फोटो काढतात आणि परततात. मला विचाराल तर आधी कामरूच्या पायऱ्या चढाव्यात.

कामरू हे बुशहरच्या राजांचं जुनं ठाणं. तिथल्या उंच गढीपेक्षा मी भिंतीच जास्त पाहत राहिलो. देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई; मध्ये चुना नाही. कोपऱ्यांवर तुळया एकमेकींत गुंतवलेल्या. ही काठकुणी बांधणी. जमीन हलली की अशी भिंत जरा सरकते, हादरा अंगभर वाटून घेते. जानेवारी १९७५मध्ये किन्नौर मोठ्या भूकंपाने हादरलं होतं. अशा मुलखातल्या भिंतीला नुसतं देखणं म्हणून भागत नाही. आता नवी घरं सिमेंटची होताहेत, दगडी पाट्यांच्या छपरांवर पत्रे चढताहेत. देवदार सहज मिळत नाही, जाणते कारागीर कमी झालेत. घर बांधणाऱ्याला दोष तरी कसा द्यायचा?

लोकरीची गोष्ट मात्र अजून संपलेली नाही. तिबेटची लोकर शिपकी खिंडीतून इकडे यायची, रामपूरच्या लवी जत्रेत विकली जायची. १९६२च्या युद्धानंतर ती वाट बंद झाली, तरी माग चालत राहिले. किन्नौरी शालीवरची नक्षी भरतकामाची नसते. विणतानाच रंगीत धागे बोटांनी आडव्या विणीत घालत जातात, म्हणून दाट नक्षीच्या शालीला महिना-महिना जातो. पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा हे पाच रंग म्हणजे पंचमहाभूतं, आणि नक्षीत बौद्ध स्तूपही येतो. देवळं आणि गोम्पा शेजारी नांदतात, तसंच या कापडावरही.

एका ओसरीवर मागाशी बसलेल्या बाईंना मी आमच्या माण-खटावकडच्या सनगरांबद्दल सांगितलं. तेही खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात.

"मग तिच्यावर नक्षी?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक नसतेच. धनगर ती पावसात पांघरतात."

"आमच्याकडे हिवाळा लांब असतो ना," त्या म्हणाल्या आणि पुन्हा धागे मोजू लागल्या.

त्या उत्तरात सगळं अर्थशास्त्र आहे. बर्फाने शेत आणि वाट दोन्ही बंद होतात, तेव्हा हात रिकामे होतात. नक्षी त्या वेळातून आली. शाल विकायला लागली की मात्र त्याच वेळाची मजुरी मोजावी लागते, आणि तिथे यंत्रमागावरची नक्कल स्वस्तात पुढे येते. किन्नौरी शालीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नावाला संरक्षण मिळालं, हे चांगलंच झालं. पण गिऱ्हाइकाची नजर कायद्याने तयार होत नाही.

म्हणून सांगल्याला जाल तेव्हा सिमल्याच्या दुकानात 'किन्नौरी' म्हणून शाल घेऊन मोकळे होऊ नका. कामरूत थांबा, माग पाहा, शाल उलटी करून धागे नीट बघा, आणि जी किंमत सांगतील तिच्यात घासाघीस करू नका.