मालगुंडची सुट्टी

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. मांडवी एक्सप्रेस त्यात शिरली की डब्यातली पोरं आवाज घुमवायला ओरडतात आणि आमची आजी हात जोडते. एकदा तिला विचारलं, नमस्कार कुणाला? "ज्यांनी डोंगर फोडला, त्यांना," ती म्हणाली. तिनं कशेडी घाटातली एसटी अनुभवलेली. मांडीवर पोर, पायाशी ट्रंक, रात्रभर जागरण. रोह्यापासून मंगळुराकडे जाणारा हा सगळा रेल्वेमार्ग सुरू झाला १९९८च्या प्रजासत्ताक दिनी. त्यापायी हजारो कोकणी कुटुंबांनी जमिनी दिल्या, आणि बोगदे खणताना कितीतरी मजूर गेले. रत्नागिरी स्थानकाशी त्यांचं श्रमशक्ती स्मारक आहे. आजी तिथेही क्षणभर थांबते. मागून बॅगा घेऊन येणाऱ्या आम्हालाही मग थांबावं लागतं.

आजीच्या या थांबण्यानं माझी सुट्टी बदलली. पूर्वी समुद्र, आंबे आणि दुपारची झोप मिळाली की सुट्टी भरून पावायची. आता ती कुणाकुणाच्या हातून माझ्यापर्यंत येते, तेही दिसतं. दुकान बंद ठेवून आलेला काका दिसतो. वर्षभर एकेक रजा राखून ठेवणारे बाबा दिसतात. आणि आई. गाडी सकाळी सातच्या सुमाराची, म्हणजे आईचा दिवस मध्यरात्रीच उजाडलेला. दशम्या, लसणाची चटणी, धाकट्यासाठी मऊ गुरगुट्या भाताचा डबा, आजीच्या गोळ्या, ओल्या कपड्यांसाठी जुनी पिशवी. सगळे निघतात तेव्हा ती सर्वांत दमलेली असते. कोकणच्या सगळ्या हिरवाईहून मला हा तिचा दमलेला, तरी खिडकीकडे उत्सुकतेनं वळलेला चेहरा मोलाचा वाटतो.

मालगुंडला आम्ही ज्यांच्याकडे उतरतो, त्या काकूंचा मे महिना बघावा. आमची सुट्टी, त्यांचा ऐन हंगाम. अंगणात रातांबे फोडणं चाललेलं. बिया निराळ्या, सालं उन्हात. मीठ घातलेल्या रसात ती सालं बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. अशी चार-पाच पुटं चढली की काळपट लाल आमसूल तयार. बियांचं पुढे कोकमतेल. पलीकडे ताटांतून आंब्याची आणि फणसाची साठं. आभाळाकडे डोळा ठेवून हे सगळं करायचं, कारण वळवाची एक सर आली तरी केलेलं वाया. एवढ्या धबडग्यात पाहुण्यांना चहा, आंघोळीचं पाणी आणि दोन वेळचं साग्रसंगीत जेवण. पैसे आम्ही देतोच. पण मुलांना कुळथाचं पिठलं आवडलं हे वर्षभर लक्षात ठेवण्याचे पैसे कुठल्या बिलात धरायचे?

गेल्या खेपेस काकूंनी पहिलं घावन आईच्या ताटात वाढलं. आई नेहमीसारखी उठू लागली, "आधी मुलांना द्या, मी मागाहून बसते." काकूंनी तिला खांद्याला धरून बसवलं. "बसा हो वहिनी. तव्यावरचं गरम घावन बाईमाणसानं कधी खायचं?" आईनं एक खाल्लं, ओल्या नारळाच्या चटणीशी दुसरं खाल्लं, मग स्वतः होऊन तिसरं मागितलं. आम्ही सगळे, बाबासुद्धा, रिकामी ताटं घेऊन बसलो होतो. बाबांनी न सांगता उठून पाण्याचे तांबे भरले.

दुपारी आम्ही सगळेच रातांबे फोडायला बसलो. आमच्या हातांनी काम फारसं उरकलं नाही, पण काकूंना बोलायला माणसं मिळाली. माहेर, लेकीची नोकरी, यंदाचा आंबा, सगळं निघालं. निघताना म्हणाल्या, "एकदा श्रावणात या. मे महिन्यात तुम्हाला नुसतं वाढते. तेव्हा तुमच्याबरोबर बसेन."

बाबा म्हणाले, पावसात गाड्या हळू चालतात, वेळापत्रक वेगळं असतं, उशीर होईल.

"होऊ दे की," आजी म्हणाली. "पावसात रुळांवरून रात्रंदिवस माणसं गस्त घालतात, म्हणून हळू का होईना, गाडी जाते. त्यांनाही बघून येऊ."