दोष बर्फाचा नव्हे

मिसिसॉगातल्या एका विमा ब्रोकरच्या कचेरीत मी काम करते. ज्या नियमाचा मला मनस्वी राग होता, त्याचीच बाजू आता मी घेते.

अपघातात कोणाची चूक किती, हे विमा कंपन्यांनी कसं ठरवायचं याची ऑन्टारिओत सरकारी नियमावली आहे. तिच्या तिसऱ्या कलमानुसार दोष ठरवताना हवामान, रस्त्याची अवस्था, दृश्यमानता यांतलं काहीही विचारात घ्यायचं नाही. त्याच लेनमधून मागून येऊन पुढच्या गाडीला धडकलात, तर चूक १०० टक्के तुमची. मग बर्फ असो की लख्ख ऊन.

मला हे निर्दयी वाटायचं. मोसमातला पहिला बर्फ पडला की सकाळपासून फोन खणखणू लागतात. "ताई, वेग तीसच होता हो. ब्रेक दाबला, पायाखाली खडखड झाली आणि गाडी आपली सरकतच गेली!" ब्लॅक आइस म्हणजे डांबरावरचा बर्फाचा पारदर्शक पापुद्रा, रस्ता नुसता ओला दिसतो. पुण्या-नाशकात गाडी चालवून आलेल्या माणसाला तो कसा ओळखू यावा? तरी चूक त्याच्याच नावावर चढते आणि हप्ता बहुधा वाढतो. निसर्गाचं खापर माणसाच्या माथी का फोडायचं, असं मी तावातावाने म्हणत असे.

माझं मत फिरलं ते पुढच्या गाडीकडे बघायला लागल्यावर. इथे शिकायला आलेल्या एका मुलीने मागच्या काचेवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. तिची जुनी करोला लाल सिग्नलला उभी. मागून एक एसयूव्ही येते. तिचं नाक खाली दबतं, म्हणजे ब्रेक लागलेत; तरी ती थांबत नाही. दिव्यांचा झोत डावीकडे झुकतो, उजवीकडे झुकतो आणि मोठा होत जातो. मग चित्र हादरतं आणि टपावरचा बर्फ काचेवर कोसळतो. त्या मुलीने काय करायला हवं होतं? ती तर नियमाने उभी होती.

पैसे वाचवायला तिने कोलिजन, म्हणजे धडकेत झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारं, कव्हर घेतलं नव्हतं. कायद्याने ते सक्तीचं नाही. तरीही तिची चूक शून्य ठरल्यामुळे तिच्याच कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले. इथली पद्धतच तशी: तुमचा दोष जितका नाही, तितकी भरपाई तुमचीच कंपनी देते. बर्फाला दोषात वाटा दिला असता, तर तेवढा भुर्दंड कोणावर पडला असता? बर्फाकडून वसुली करता येत नाही. तो त्या मुलीवरच पडला असता.

निसर्गाला या व्यवस्थेत जागा नाही असंही नाही. डिसेंबर २०१३मध्ये टोरांटोत हिमवर्षावाऐवजी गोठणारा पाऊस झाला आणि बर्फाच्या ओझ्याने झाडं मोडून गाड्यांवर पडली. असं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरमध्ये येतं आणि दोष कोणालाच लागत नाही. सुकाणू हातात असेल तर जबाबदारीही तुमची, ही विभागणी मला आता न्याय्य वाटते.

आपली माणसं नेमकी इथेच अडकतात. भारतातल्या पॅकेज पॉलिसीत पूर, दरड, धडक सगळं एकत्र येतं. त्या सवयीने इथे फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतात आणि आपण सुरक्षित आहोत असं समजतात. मग बॅरीच्या वाटेवर गाडी घसरून खड्ड्यात जाते. ते नुकसान कोलिजनचं. ते कव्हर नसेल तर स्वतःच्या गाडीसाठी एक डॉलरही मिळत नाही. हे फोनवर सांगताना आजही जीभ जड होते.

एका बाबतीत मात्र मी सरकारवर नाराज आहे. शेजारच्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑन्टारिओत २०१६पासून विमा कंपन्यांना अशा टायरसाठी सवलत देणं बंधनकारक आहे, चालकाला टायर बसवणं नाही. सात अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. पूर्ण दोष चालकावर ठेवायचा असेल, तर टायरची सक्तीही हवी.

नव्याने येणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: नोव्हेंबर उजाडण्याआधी पॉलिसी काढून बघा, कोलिजन आहे का ते ब्रोकरला विचारा. चारही हिवाळी टायर बसवा आणि त्यांची पावती जपून ठेवा. सवलतीसाठी ती मागतात.