आडपडदा

मनात काही न राखता वागणाऱ्या माणसाला ‘उघडं पुस्तक’ म्हणण्याची रीत मराठीत इंग्रजीतून आली. मराठीचा जुना शब्द पडद्याचा आहे: आडपडदा नसणे. ‘पडदा’ फारसीतून आला, ‘आड’ इथलाच. अर्थ दोघांचा जवळपास एकच. बाजारहाट, कागदपत्र यांच्याच जातीची ही जोडी. एवढंसं लपवायला दोन भाषा कामाला लागाव्यात, ही गंमतच.

पुस्तक कुणीही उघडावं. वाचणारा कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आडपडदा मात्र दोघांच्या मधला असतो. म्हणून तो बहुधा नकारातच येतो, आणि माणूस पाहून येतो. सोयरिकीच्या बैठकीत कुणी ‘आपल्यात कसला आडपडदा?’ म्हणालं, की आता देण्याघेण्याचं निघणार हे जाणती माणसं ओळखतात. चारचौघांत सगळं ओकून मोकळं होणाऱ्याच्या वाट्याला हा शब्द येत नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, एवढंच म्हणतात.

कोल्हापुरात पडदा आणि मोकळं मैदान पाठीला पाठ लावून उभी राहिली. केशवराव भोसले नाट्यगृह, मूळचं पॅलेस थिएटर, १९१५चं; २०२४ साली ते आगीत जळालं. मागचं खासबाग मैदान १९१२चं. दोन्ही शाहू महाराजांनी बांधवलेली. नाट्यगृहात पडदा उघडेपर्यंत वाट पाहावी लागायची. खासबागेत वाट पाहण्यासारखं आड काही नाहीच: बशीसारखा खोलगट आकार, मध्ये लाल मातीचा हौदा, आणि सगळ्यांत वरच्या रांगेतल्यालाही दिसणारी पैलवानांची पकड. शड्डू ठोकला की आव्हान साऱ्या मैदानाला ऐकू जातं. कुस्ती निकाली हवी. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीवर इथला प्रेक्षक खूश नसतो.

तरीही याच आखाड्याच्या बोलीत ‘नुरा कुस्ती’ आहे, आधीच ठरवून लढलेली. आता ती राजकारणाच्या बातम्यांत जास्त भेटते. लंगोटाखेरीज अंगावर काही नसलेल्या दोघांनाही जगापासून पडदा धरता येतो. तो धरण्यासाठी त्यांच्या आपसात मात्र आडपडदा असून चालत नाही.

तालमीच्या कट्ट्यावर हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे सरळ म्हणतात, ‘काय असंल ते तोंडावर बोल.’ हे भांडणातही चालतं, अनोळख्यालाही चालतं. आडपडद्याला आधी थोडी ओळख लागते.