मागे राहिलेले काम

भेस्तानच्या घरातून मी वडिलांच्या मोडी कागदांच्या प्रतिमा दूरच्या उबुंटू सर्व्हरवर नीट करीत होतो. मध्यरात्री इंटरनेट तुटले आणि अर्धे काम वाया गेले. भाचा म्हणाला, "मामा, टीमक्स बसवा." निकोलस मॅरियट यांनी २००७ साली आणलेले हे मुक्तस्रोत साधन. सर्व्हरवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल टीमक्स' एवढीच आज्ञा पुरली. 'टीमक्स' लिहून आत शिरावे, काम लावावे. कंट्रोल-बी, मग डी दाबून बाहेर पडावे. सकाळी 'टीमक्स अटॅच' म्हटले, की काम चालूच. सर्व्हर बंद पडला, तर मात्र सारे संपते. गाव सोडून आलेल्या आपल्या घराण्यांना हे ठाऊकच आहे : परतायचे असेल, तर मागे चूल पेटती ठेवणारे कोणी हवे.