हळू म्हणण्याची खूण

स्वर लिहून ठेवता येतो. तो कसा म्हणावा, हे लिहिणे अवघड. पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेसाठी वर कमान अशा नेमक्या खुणा आहेत. स्वर हळुवार घ्यावा की जोरकस, हे मात्र बहुतांशी गुरुमुखावर सोपवलेले असते. पाश्चात्त्य स्वरलेखनात त्यासाठीही खुणा आहेत. व्हेनिसचे जोव्हान्नी गाब्रिएली यांच्या १५९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका वाद्यरचनेच्या शीर्षकातच 'हळू' आणि 'जोरात' या अर्थांचे इटालियन शब्द आहेत. 'पी' म्हणजे पियानो, हळू. 'एफ' म्हणजे फोर्ते, जोरात. ही आद्याक्षरे आजही तीच.

या खुणांशी माझा परिचय निवृत्तीनंतर झाला. आमच्या आईची एक अंगाई होती. ती कोठेही छापलेली नाही. आज ती संपूर्ण येते ती केवळ माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला. अक्का ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिला दम्याचा त्रास आहे. एका बैठकीत दोन वेळा गायली की तिला धाप लागते. माझी नात व्हायोलिन शिकते. तिच्यासोबत मीही ती लिपी शिकलो आणि अंगाई संगणकावर 'सिबेलियस' या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेण्याचे ठरवले.

स्वर लवकर बसले. प्रश्न खुणांचा होता. माउस हाती घेऊन मेनूत खूण शोधावी, तोवर अक्काची ओळ कानातून निसटलेली असे. आणि तिला पुन्हा गायला सांगणे जिवावर येई. येथे कळफलकाचे शॉर्टकट उपयोगी पडले. स्वर निवडून कंट्रोल आणि ई दाबले की भावदर्शक मजकुराची जागा उघडते. मग कंट्रोल दाबून ठेवत 'पी' दोनदा दाबला की 'अतिशय हळू' ही खूण उमटते. काही स्वर निवडून एच दाबले की आवाज वाढत जाण्याची कोनाकृती खूण येते. शिफ्टसह एच दाबले की ओसरत जाण्याची. एस दाबले की स्वर जोडणारी कमान. व्हाउचरवर नजर आणि कळांवर बोटे, ही बँकेतील सवय येथे कामी आली. फरक इतकाच, की आता नजरेच्या जागी कान होता.

खुणा भरताना एक गोष्ट ध्यानात आली. अंगाईची पहिली आणि तिसरी ओळ स्वरांनी अगदी एकच आहे. परंतु तिसरी ओळ अक्का जवळजवळ कुजबुजत म्हणते. कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तोवर तू झोपलेला असायचास." कागदावर दोन्ही ओळींत भेद आहे तो त्या दोन 'पीं'चा. त्या नसत्या, तर आईचे गाणे उरले असते. तिचे बाळाकडे पाहणे उरले नसते.

नातीने आपल्या पणजीला पाहिलेले नाही. तिने तो कागद समोर ठेवून प्रथमच वाजवला, तेव्हा तिसऱ्या ओळीवर तिचा गज आपोआप हलका झाला. कोणी काही सांगितले नव्हते.

अनेक घरांत असा एखादा थकत चाललेला आवाज असतो. लिपी कोणतीही असो, तो ऐकून घ्यावा. आणि काय म्हटले यासोबत कसे म्हटले, हेही नोंदवून ठेवावे.