अनुपालन अहवाल

परवानगीचं पत्र हातात पडलं तोवर लाकडाची राख झाली होती. त्यावर कडी म्हणजे पुढे त्याच कार्यालयाचं स्मरणपत्र आलं: नमुना घेतल्याचा अनुपालन अहवाल अद्याप अप्राप्त आहे, तरी तात्काळ सादर करावा. ते स्मरणपत्र मी जपून ठेवलंय. अधूनमधून काढून वाचते आणि नव्याने चिडते.

मी तेव्हा झाडांच्या वलयांवर काम करायचे. साग उन्हाळ्यात पानं गाळून स्वस्थ बसतो आणि पावसाच्या सुमाराला पुन्हा वाढायला लागतो. नव्या वर्षाची सुरुवात लाकडात मोठ्या छिद्रांच्या ओळीने उमटते, ती भिंगाशिवायही दिसते. पाऊस बरा झाला तर वलय रुंद, ओढ बसली तर अरुंद. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच झाडांना अशी स्वच्छ वलयं नसतातच, म्हणून आमच्यात सागाला मान. जावातल्या सागावरून बर्लागे या डच हवामानतज्ज्ञाने १५१४ पासूनची मालिका १९३१ सालीच छापली होती. केरळच्या सागांवरून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षं लावून दाखवली. पर्जन्यमापकांवरून काढलेली देशभराच्या पावसाची मालिका मात्र १८७१ पासूनची. त्याआधीचा पाऊस शोधायचा तर लाकूड, गुहा, तळ्याचा गाळ, नाहीतर जुनी दप्तरं.

पूर्व विदर्भातल्या एका लाकूड डेपोत वादळात पडलेला एक जुना साग आला होता. मी गेले तेव्हा तो लॉट नंबर टाकून उन्हात पडलेला. कापलेल्या तोंडावर पाणी मारलं, ब्लेडने एक पट्टी तासली आणि बाहेरून आत मोजत गेले. अडीचशेच्या आसपास वलयं! १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाच्या जागी पोचले तर तिथे वलयं अशी दाटलेली की नखाने वेगळी करता येईनात. अर्थात एका ओंडक्यावरून साल ठरत नाही. मधेच पावसाने दडी मारली की साग एका वर्षात दोन वलयंही काढतो. पण छातीत धडधडलं, हे खरं.

मला हवी होती चार बोटं जाडीची चकती. टोकाची. डेपोतले साहेब म्हणाले, लांबी कमी झाली की घनमाप कमी होतं, घनमाप कमी झालं की सरकारचं नुकसान, तेव्हा वरून लेखी आणा. मी किंमत भरते म्हटलं. तर किंमत कोणत्या शीर्षाखाली जमा करायची, हा नवा प्रश्न. अर्ज केला. अर्जाला सहपत्र नाही म्हणून परत. सहपत्र जोडलं, तर प्रयोजन स्पष्ट करावं. प्रयोजन लिहिलं ‘दुष्काळाचा इतिहास’, तर फोनवर विचारणा, हे इतिहास विभागाकडे का नाही पाठवत? फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात असताना लिलाव झाला.

ज्या व्यापाऱ्याने ओंडका घेतला तो भला माणूस निघाला. आरागिरणीत बसवून चहा पाजला आणि म्हणाला, “मॅडम, आधी सांगायचं होतं ना! टोक तर आम्ही कापूनच टाकतो, भेगाळलेलं असते. फुकट देलं असतं.” टोकाचे तुकडे कामगार आंघोळीच्या बंबासाठी घेऊन गेले होते. म्हणजे ज्या चार बोटांसाठी सरकारचं नुकसान होणार होतं, त्यांची किंमत शून्य होती! मग पत्र आलं. मग स्मरणपत्र.

हे सगळं आठवतं ते वर्तमानपत्रात ‘शंभर वर्षांतला भीषण दुष्काळ’ असं वाचलं की. आमच्या घरात माप एकच, १९७२. सुकडी, खडी फोडणं, कोरड्या विहिरी. पण बस्तरच्या कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेत ठिबकत्या पाण्याने घडलेला चुनखडीचा एक खांब आहे. त्यातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या प्रमाणावरून पावसाचा जोर कळतो, आणि युरेनियम-थोरियमवरून काळ. तो खांब सांगतो की चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या पूर्वार्धात पाऊस वर्षानुवर्षं क्षीण होता. दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ च्या सुमाराला सुरू झाला आणि बारा वर्षं चालला, असं आपल्याकडे सांगत आलेत. बारा हा आकडा मला नेहमी कीर्तनातला वाटायचा. आता नाही वाटत. आणि लोणारच्या गाळात तर चार हजार वर्षांपूर्वी काही शतकं चाललेल्या कोरड्या काळाच्या खुणा आहेत, सरोवर आटून खारं झाल्यावरच बनणाऱ्या खनिजाच्या. धरणांचे हिशेब करताना आपण शे-सव्वाशे वर्षांचे आकडे पुढे ठेवतो आणि तेवढ्यालाच निसर्गाचा स्वभाव म्हणतो. हे मला धाडसाचं वाटतं.

आता वय झाल्यावर वाटतं, त्या साहेबांचंही सगळंच चूक नव्हतं. चकतीच्या नावाखाली ओंडके पळवणारेही असतात. शिवाय त्या एका झाडाने काय सिद्ध झालं असतं? अरुंद वलय पानं खाणाऱ्या अळीमुळेही पडतं, फांद्या छाटल्यानेही. एकाच परिसरातली वीसेक झाडं एकमेकांशी जुळली तरच पावसाबद्दल बोलता येतं. हे मीच विद्यार्थ्यांना शिकवलंय. तरी त्या बंबाचा विचार आला की हे शहाणपण कुठल्या कुठे जातं.

अजून जुने वाडे पडताहेत आणि त्यांचे सागवानी खांब, तुळया फर्निचरवाल्यांकडे जाताहेत. तुमच्या घरचा वाडा उतरवणार असाल तर लाकूड खुशाल विका. फक्त प्रत्येक तुळईच्या टोकाची एक चकती कापून ठेवा. सालीकडची कड तासू देऊ नका, झाड कोणत्या साली पडलं ते त्या कडेवरूनच कळतं. चकतीवर गावाचं नाव लिहा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या विभागात नेऊन द्या. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.